जिऱ्याची जिरवणारा ढग

२०२३ च्या उन्हाळ्यात लक्ष्मीपुरीतल्या नेहमीच्या दुकानात चटणीच्या सामानाची यादी दिली. दुकानदाराने जिऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "अर्ध्यावर आणू का? भाव बघा आधी." कोल्हापुरात वर्षाच्या चटणीच्या यादीला कात्री लावायला सांगणं म्हणजे धाडसच. पण भाव ऐकल्यावर मीही मान डोलावली. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उंझा नावाचं गाव आहे, तिथे जिऱ्याची सर्वांत मोठी बाजारपेठ भरते. त्या वर्षी तिथे क्विंटलचा भाव ५० हजारांच्याही पुढे गेला होता.

ही बातमी शिरोळ तालुक्यात ऊस पिकवणाऱ्या आमच्या मामांपर्यंत पोचली आणि त्यांनी लगेच तोंडी हिशेब मांडला. "एकरी दोन-अडीच क्विंटल धर. सव्वा लाख झालं की रं! ते बी चार महिन्यांत. आडसाली ऊस दीड वरीस रानात हुबा असतोय. मग आपण का लावत न्हाई जिरं?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर शोधायला मी नोव्हेंबरात गच्चीवर दोन कुंड्या मांडल्या.

पेरण्याआधी एक दाणा भिंगाखाली धरला. आपण ज्याला जिऱ्याचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ असतं. धने, बडीशेप, ओवा, शेपू, गाजर यांच्या कुळातली ही वनस्पती, आणि या कुळाची खूणच अशी की फळ पिकलं की त्याची दोन सारखी फाकं होतात. बोटांत चोळलं तर जिऱ्याचीही होतात. प्रत्येक फाकेच्या पाठीवर उभ्या कडा दिसतात, पाच ठळक आणि त्यांच्या अधेमधे चार बारीक, केसाळ. या चार बारीक कडांच्या खाली एकेक आणि सपाट पोटाच्या बाजूला दोन अशा सहा तेलनळ्या असतात. जिऱ्याचा सगळा वास या नळ्यांत कोंडलेला. त्यातला मुख्य रेणू म्हणजे क्युमिनाल्डिहाइड. तो तेलात सहज विरघळतो, म्हणून फोडणीत जिरं तडतडलं की वास तेलात उतरतो आणि पुढे सगळ्या आमटीभर पसरतो. जिरेपूड डब्यात पडून राहिली की मवाळ होते त्याचं कारणही हेच, दळताना नळ्या फुटलेल्या असतात आणि तेल उडून जातं. अख्खं जिरं मात्र वर्षभर दम धरतं.

दाणे रात्रभर भिजवले आणि मातीत जेमतेम बोटाचं पेर बुडेल त्याहूनही कमी खोल टाकले. पहिले आठ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी दोऱ्यासारखी हिरवी टोकं दिसली. जिरं उगवायलाच आळशी, आणि उगवल्यावर महिनाभर बसूनच राहतं. पुढे पानं येतात तीही शेपूपेक्षा बारीक, केसांसारखी. असल्या पानांची सावली ती काय पडणार? त्यामुळे तणाला रान मोकळं मिळतं. भांगलणीचा खर्च हा जिरेवाल्या शेतकऱ्याच्या कायमच्या तक्रारींपैकी एक. राजस्थानात तर जिऱ्याच्या रानात 'जिरी' नावाचं एक तण येतं, इसबगोलाच्या जातकुळीतलं, जे लहानपणी हुबेहूब जिऱ्यासारखं दिसतं. खुरपणाऱ्या बाईने उपटायचं काय आणि ठेवायचं काय?

तिकडे पेरणी नोव्हेंबरात, पहिली थंडी पडली की होते. हेक्टरी १२ ते १५ किलो बी, वाफे पाडून किंवा ओळीने. पाणी हलकं आणि मोजकं. जिऱ्याला अशी माती लागते जिच्यात पाणी जिरतं, साचत नाही. ('जिरणे' आणि 'जीरक' या दोन्हींचं मूळ पचणे या अर्थाच्या संस्कृत 'जॄ' धातूत आहे असं जुने व्युत्पत्तीकार सांगतात. कोल्हापुरात कुणाची 'जिरवली' की तेच क्रियापद भलत्या कामाला येतं.) मामांच्या नदीकाठच्या काळ्याभोर चिकण रानात ऊस डुलतो, पण जिऱ्याची मुळं तिथे गुदमरतील. जमिनीतली फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते, आणि उभं झाड वाळतं. हा मर रोग. मेहसाणाजवळच्या जगुदण येथील संशोधन केंद्रातून आलेली 'गुजरात जिरे-४' ही जात मर रोगाला बरीच तोंड देते, म्हणून तिकडे ती सगळीकडे दिसते.

पण जिऱ्याचा खरा वैरी जमिनीत नसतो. तो आभाळात असतो.

जानेवारीच्या मध्यावर माझ्या कुंड्यांत फुलं आली. छत्रीच्या काड्यांसारखे देठ एका बिंदूतून फुटलेले, प्रत्येक देठाच्या टोकाला पुन्हा छोटी छत्री, आणि तिच्यात पाचेक पांढरट-गुलाबी फुलं. मोहरीपेक्षा जरा मोठी असतील. फोटो काढून मामांना पाठवला. त्यानंतर तीन दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस एक थेंब नाही, नुसतं कोंदट मळभ, आणि सकाळी पंचगंगेवरून उठलेलं धुकं नऊ-साडेनऊपर्यंत हटेना. चौथ्या दिवशी पानांच्या टोकांना तपकिरी ठिपके दिसले. सातव्या दिवशी एका कुंडीतली झाडं जळाल्यासारखी काळी.

हा करपा. त्याच्या बुरशीचं नाव अल्टरनेरिया बर्न्साय. उप्पल, पटेल आणि कामत या तिघांनी १९३८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा गुजरातचा आणि महाराष्ट्राचा बराच भाग एकाच मुंबई प्रांतात होता. तिचं काम सोपं आहे. वाऱ्याबरोबर आलेला बीजाणू पानावर पडतो आणि पाण्याच्या पातळ थराची वाट पाहतो. ऊन असेल तर दव तासाभरात उडतं आणि बीजाणू उपाशी मरतो. आभाळ झाकलेलं असेल तर पान तासन् तास ओलं राहतं, बीजाणूला कोंब फुटतो आणि तो पेशींत शिरतो. केसासारख्या पानाला प्रतिकार करायला जागाच नसते. फुलोऱ्यात गाठलं तर दाणा भरतच नाही. बुरशीनाशक आधी फवारलेलं असेल तरच उपयोग. काळं पडल्यावर फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

म्हणून जगातल्या जिऱ्याचा बहुतांश भाग भारतात पिकत असला तरी तो गुजरात आणि राजस्थान या दोनच राज्यांत एकवटलेला आहे. कोरडी थंडी, निरभ्र आकाश, रेताड जमीन. आपल्याकडे थंडी बेताची, नद्या भरलेल्या, आणि मैलोन् मैल उसाची ओली हिरवी भिंत. तिकडेही आभाळ फिरलं तर सगळं बिघडतं. २०२३ च्या मार्चमध्ये ऐन काढणीत गुजरात-राजस्थानात अवकाळी पाऊस झाला आणि आधीच तुटपुंजा असलेला माल आणखी घटला. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचं बोट यादीवर आलं ते त्या ढगांमुळे. मग भाव बघून सगळ्यांनीच जिरं पेरलं आणि पुढच्या हंगामात भाव जवळपास निम्म्यावर आला. मामांचे सव्वा लाख कागदावरच बरे होते.

काढणीची एक गंमत सांगायलाच हवी. ज्या दवाला जिरेवाला महिनोन् महिने शिव्या घालतो, त्याच दवाच्या भरवशावर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक काढतो. झाडं पिवळी पडली की दाणा हलक्या धक्क्यानेही गळतो. म्हणून भल्या पहाटे, झाडं दवाने ओलसर असताना, ती मुळासकट उपटतात. नंतर खळ्यावर वाळवून काठीने झोडपायचं, वाऱ्यावर उफणायचं.

माझ्या वाचलेल्या कुंडीतून मार्चमध्ये मोजून ४३ दाणे निघाले. ते मी वरणाच्या फोडणीत टाकले. दुकानातल्या जिऱ्यापेक्षा वास काही वेगळा आला नाही.

मामांना सगळं सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "मग शहाजिरं?" ते हिमाचलात किन्नौरकडे नाहीतर काश्मिरात होतं, थंडीत त्याचे गड्डे बर्फाखाली झोपतात, आणि बियांपासून लावलं तर पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं जातात, असं सांगितलं.

"म्हंजी आडसालीपेक्षा बी लांब," मामा म्हणाले आणि मोटार चालू करायला गेले. त्या आठवड्यात त्यांच्याकडे लाईट रात्रीचीच होती.