पुणे जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी काढायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

नारायणगावच्या उपबाजारात वीस क्रेट टोमॅटो घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला भाव सांगता येत नाही, ऐकावा लागतो. तोच माल दोनशे जणांचा, एका प्रतवारीचा आणि ठरलेल्या दिवशी येणारा असेल, तर प्रक्रिया उद्योग, निर्यातदार किंवा मोठा किरकोळ विक्रेता स्वतःहून बोलणी करायला येतो. या बोलणीला बसण्यासाठी कायद्याने शेतकऱ्यांना दिलेले साधन म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी.

गावात बैठक झाली की पहिला प्रश्न हमखास येतो: कंपनी काढली की अनुदान किती मिळते? केवळ नोंदणी केल्याने काहीही मिळत नाही. अनुदान असो वा कर्ज, समोरचा तीनच गोष्टी पाहतो: खरे सभासद किती, त्यांचे भागभांडवल (शेअरपोटी भरलेले पैसे) किती आणि माल घेणारा कोण. म्हणून ही माहिती त्याच क्रमाने दिली आहे. क्रम उलटा करून आधी प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या कागदावरच राहतात, आणि त्याचा भुर्दंड संचालक झालेल्या शेतकऱ्यांना बसतो.

कायदा काय म्हणतो

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली. आता ती कंपनी कायदा २०१३ च्या प्रकरण २१-अ मध्ये, कलम ३७८-अ पासून पुढे आहे. किमान १० उत्पादक व्यक्ती किंवा २ उत्पादक संस्था एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. संचालक किमान ५ आणि जास्तीत जास्त १५. सभासदसंख्येला वरची मर्यादा नाही. नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असे लिहावेच लागते.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत. वीस एकरवाल्याचे आणि वीस गुंठेवाल्याचे मत सारखे. शेअर बाहेरच्या माणसाला विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या मान्यतेने दुसऱ्या क्रियाशील सभासदालाच देता येतात. त्यामुळे पैसेवाला बाहेरून येऊन कंपनी ताब्यात घेईल ही भीती इथे बरीच कमी आहे.

सभासद कोण होऊ शकतो

शेती, फळबाग, फुलशेती, दुग्धव्यवसाय, मत्स्यपालन, मधमाशीपालन अशा प्राथमिक उत्पादनात असलेली व्यक्ती. कंपनीच्या धंद्याशी ज्याचे हितसंबंध आड येतात त्याला सभासद होता येत नाही. गावातला अडत्या किंवा त्याच मालाचा व्यापारी कितीही मदतीचा माणूस असला, तरी त्याला सभासद करू नका.

नोंदणीला दहा जण पुरतात, पण योजनांच्या दारात दहा जण पुरत नाहीत. केंद्राच्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्था योजनेत सपाट भागासाठी किमान ३०० आणि डोंगरी भागासाठी १०० सभासद ही अट आहे. म्हणून सुरुवात दहा जणांनी केली तरी त्यांच्या पाठीमागे दोन-तीनशे शेतकऱ्यांची यादी तयार हवी. ही यादी एका पिकाभोवती आणि शेजारच्या चार-पाच गावांत असावी. मावळात इंद्रायणी भात, पुरंदरला अंजीर किंवा सीताफळ, खेड-शिरूरकडे कांदा, जुन्नर-आंबेगावला टोमॅटो. सगळीच पिके एका कंपनीत कोंबली की कोणत्याही एका मालाची पुरेशी गाडी भरत नाही.

१ हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्प भूधारक आणि १ ते २ हेक्टरवाला अल्प भूधारक. यादीत प्रत्येकासमोर क्षेत्र लिहून ठेवा, कारण प्रत्येक योजनेचा अर्ज ही विभागणी विचारतो. महिलांचा रकानाही वेगळा ठेवा. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते म्हणून ती यादीतून गळते, हे मनाला पटत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीने अर्ज दिल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. हे काम तलाठ्याकडे आधीच करून घ्या.

कागदपत्रे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो फॉर्म भरण्यात जात नाही, नावे जुळवण्यात जातो. सातबाऱ्यावर ‘बबन’, आधारवर ‘बबनराव’, पॅनवर आडनाव आधी. दहा प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनी काढणाऱ्यांपैकी, एकाचे नाव असे असले तरी सगळ्यांचा अर्ज त्रुटीत निघतो. त्यामुळे पहिल्या बैठकीतच प्रत्येकाची तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचा आणि दुरुस्ती ज्याची असेल त्याला त्याच आठवड्यात कामाला लावा.

प्रत्येक प्रवर्तक आणि संचालकाकडून लागते ते असे: पॅन, आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक, स्वतःचा ईमेल, फोटो, अलीकडचे बँक विवरण किंवा वीज बिल, आणि उत्पादक असल्याचा पुरावा. पुरावा म्हणून सातबारा आणि ८-अ चा उतारा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि त्यावर वेगळा शिक्का लागत नाही. उताऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद आहे ना, ते पाहा. कंपनी अंजिराची आणि पीक रकान्यात ‘पड’ असे असेल तर पुढे बँक तेच बोट ठेवून विचारते.

वडील वारले आणि वारस नोंद राहिली, अशी प्रकरणे प्रत्येक गावात आहेत. अशा शेतकऱ्याला पहिल्या दहांत घेऊ नका. त्याची फेरफार नोंद होऊ द्या, मग तो सभासद होईलच.

कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयासाठी जागामालकाचे नाहरकत पत्र, भाडे असल्यास भाडेकरार आणि त्या पत्त्याचे दोन महिन्यांच्या आतले वीज बिल लागते. गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडून ठेवा. मीटर आजोबांच्या नावावर असेल तर नाहरकत कोणाकडून घ्यायची हे सनदी लेखापालाला आधीच विचारा.

शिवाय शेतकरी ओळख क्रमांक. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी तो सक्तीचा आहे. कंपनी नोंदणीला त्याची गरज नसली तरी पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागणार, म्हणून सभासद यादीत त्याचा रकाना आत्ताच टाका.

नोंदणीचा क्रम

सगळे काम कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर, ऑनलाइन होते. प्रथम प्रवर्तक-संचालकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या काढायच्या. मग ‘स्पाइस प्लस’ या कंपनी नोंदणीच्या अर्जाचा भाग ‘अ’, म्हणजे नावाचे आरक्षण: १,००० रुपये शुल्क, दोन नावे सुचवता येतात, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. या २० दिवसांत भाग ‘ब’ भरायचा असतो, म्हणून कागद पूर्ण झाल्याशिवाय नाव मागू नका. भाग ‘ब’ सोबत घटनापत्रक व नियमावली, संचालकांची संमती आणि घोषणापत्रे जातात. कंपनीचा पॅन आणि टॅन (करकपातीचा खाते क्रमांक) याच अर्जातून मिळतात. अर्जावर व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणीकरण लागते.

अधिकृत भागभांडवल (कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर देता येतात ती मर्यादा) १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी शुल्क नाही. मुद्रांक शुल्क मात्र राज्याच्या दराने भरावे लागते. तज्ज्ञाची फी वेगळी. ‘सरकारी फी’ म्हणून मोठी रक्कम सांगणाऱ्याकडून चलनाची प्रत मागा.

घटनापत्रकातली उद्दिष्टे लिहिताना घाई नको. खरेदी, प्रतवारी, पॅकिंग, साठवण, प्रक्रिया, निर्यात, बियाणे-खते-औषधे विक्री, अवजारे भाड्याने देणे, जे पाच वर्षांत करायचा विचार आहे ते आत्ताच घाला. निविष्ठांच्या विक्रीला पुढे कृषी विभागाचे परवाने स्वतंत्र काढावे लागतात.

अर्जाची छाननी केंद्रीय पातळीवर होते. नंतरच्या कामकाजासाठी पुणे जिल्ह्याचे कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ आहे.

प्रमाणपत्र हातात आल्यानंतर

खरी मुदतीची कामे इथून सुरू होतात. पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत नेमायचा. पहिली वार्षिक सभा ९० दिवसांत घ्यायची आणि त्याच मुदतीत संचालकांची निवडणूक करायची. प्रवर्तकांनी कबूल केलेली शेअरची रक्कम कंपनीच्या खात्यात जमा करून १८० दिवसांच्या आत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा पोर्टलवर भरायची. संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा, इतिवृत्तासह. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे कायद्यानेच बंधनकारक आहे. गावातला शिकलेला, हिशेबाला पक्का मुलगा किंवा मुलगी मिळाली तर उत्तम.

दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र पोर्टलवर भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. धंदा झाला नाही म्हणून फॉर्म भरला नाही, हे कारण चालत नाही. शून्य उलाढालीलाही लेखापरीक्षण लागते, आणि हे संचालक होणाऱ्या प्रत्येकाला सही घेण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे.

खरेदीदाराशी भागीदारी

नोंदणी चालू असतानाच खरेदीदार शोधा. महाराष्ट्रात २०१६ पासून फळे व भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक आहे, त्यामुळे शेतातून थेट सौदा करता येतो. पहिल्या हंगामात छोटा व्यवहार करा, एका मालाचा आणि एकाच खरेदीदाराशी. त्या व्यवहाराची बिले आणि बँकेतली जमा हाच पुढच्या अर्जाला जोडण्याचा सर्वांत भक्कम पुरावा.

करार साध्या मराठीत लिहिलेला असावा आणि त्यात या गोष्टी स्पष्ट हव्यात. प्रतवारी कशी ठरणार: आकार, रंग, वजन, डाग. माल कुठे तपासला जाणार: संकलन केंद्रावर की त्यांच्या दारात? त्यांच्या दारात तपासणी झाली आणि माल नाकारला, तर परतीचे भाडे शेतकऱ्याच्या डोक्यावर बसते, म्हणून तपासणी गावातच ठरवून घ्या. भाव ठरीव की बाजाराशी जोडलेला? जोडलेला असेल तर कोणत्या बाजाराचा, कोणत्या दिवसाचा, सरासरी की वरचा, हे लिहा. पैसे किती दिवसांत. क्रेट कोणाचे, तूट कोणाची. भाव कोसळला तर त्यांनी आणि भाव चढला तर आपल्या सभासदांनी काय करायचे. या शेवटच्या प्रश्नावरच बहुतेक भागीदाऱ्या मोडतात. बाजारात दर चढले की सभासद माल बाहेर घालतो; त्याला दोष देण्याआधी करारात चढत्या भावातला वाटा आहे का ते पाहावे.

कोणत्या योजनेचा अर्ज

केंद्राच्या १०,००० संस्था योजनेत तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदाने भरलेल्या भागभांडवलाइतके, प्रतिसभासद २,००० रुपयांपर्यंत व प्रतिकंपनी १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान आहे. २ कोटींपर्यंतच्या कर्जाला पत हमी मिळते: १ कोटीपर्यंत ८५ टक्के, त्यापुढे ७५ टक्के. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजाराव्या संस्थेची घोषणा झाली, त्यामुळे नवीन गटाने याच योजनेच्या भरवशावर बसू नये.

राज्याचा बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, म्हणजेच ‘स्मार्ट’, जागतिक बँकेच्या साहाय्याने चालतो आणि त्याचा भर नेमका खरेदीदाराबरोबरच्या भागीदारीवर आहे. पात्र प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान. उरलेले स्वनिधी आणि बँक कर्जातून. अर्ज, छाननी, पूर्ण प्रकल्प अहवाल, मूल्यांकन आणि मग टप्प्याटप्प्याने अनुदान असा क्रम. नवीन अर्ज घेणे चालू आहे का, हे जिल्ह्याच्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारूनच अहवालावर खर्च करा.

गोदाम, पॅक हाऊस, शीतगृह, प्रतवारी यंत्रे यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधी. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षे. पोर्टलवर प्रकल्प अहवाल चढवून बँक निवडायची. कर्ज देण्याचा निर्णय बँकेचाच. टोमॅटो प्युरी, अंजिराचा जॅम, पोहे अशा प्रक्रियेला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के कर्जाशी जोडलेले अनुदान आहे.

चौकशीला कुठे जायचे? पहिले दार तालुका कृषी अधिकारी आणि आत्माचे. पिकाच्या प्रतवारीसाठी व प्रशिक्षणासाठी नारायणगाव आणि बारामतीची कृषी विज्ञान केंद्रे. बाजार, निर्यात व साठवणुकीसाठी गुलटेकडी मार्केट यार्डातले राज्य कृषी पणन मंडळ. कर्जासाठी ज्या बँकेत सभासदांची पीक कर्जे आहेत तीच शाखा, कारण तिला तुमचा परतफेडीचा इतिहास माहीत असतो.

सभासदांकडून शेअरची रक्कम घेताना ती कंपनीच्या खात्यातच भरायला सांगा आणि प्रत्येकाला त्याच दिवशी पावती द्या. कंपनीचे खाते उघडेपर्यंत एजंटाच्या, अध्यक्षाच्या किंवा कोणाच्याही मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवू नका. पावती-पुस्तक, सभासद नोंदवही आणि बँकेचे विवरण या तिन्हींतला आकडा एकच आला, तर समभाग अनुदानाची तपासणी एका बैठकीत उरकते.