परवाच्या सभेचे कागद

तिसवाडी तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचा पत्रव्यवहार गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री कार्यकारिणीच्या अकरा जणांना मी एका ओळीचा मेल पाठवला : ‘परवाच्या सभेचे कागद सोबत जोडले आहेत, कृपया नजरेखालून घालावेत.’ पाठवण्याआधी ही ओळ मी तीनदा वाचली होती. तरीही तीन चुका राहिल्या. कागद जोडलेच नव्हते. अकरा पत्त्यांपैकी एक आमच्या खजिनदार नाईकांचा नसून पणजीतील एका कार्यालयात काम करणाऱ्या दुसऱ्याच नाईकांचा होता. आणि ‘परवाची सभा’ म्हणजे होऊन गेलेली की व्हायची असलेली, हे त्या ओळीवरून कळायला काहीच मार्ग नव्हता. मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. दोन वयस्क सदस्यांना वाटले की आपल्याला न कळवताच सभा उरकली. ते आले नाहीत आणि दुखावलेही गेले.

तीनदा वाचूनही चूक दिसली नाही, म्हणजे वाचणारा निष्काळजी, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही, कारण काळजी तर होती. दोष वाचण्याच्या क्रियेतच होता. डोळ्याच्या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो; हात समोर लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते, साधारण तेवढाच. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते, प्रत्येक ठिकाणी सुमारे पाव सेकंद टेकते आणि लहान, ओळखीचे शब्द पुष्कळदा ओलांडूनच पुढे जाते. मधल्या जागा मेंदू संदर्भावरून भरून काढतो. दुसऱ्याचा मजकूर वाचताना त्याला हा संदर्भ कागदावरूनच गोळा करावा लागतो, पण स्वतःच्या मजकुराचा अर्थ त्याच्याकडे आधीच तयार असतो. त्यामुळे ‘सभा होणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ लिहायचा राहिला, तरी लिहिणाऱ्याला तो तिथे असल्यासारखाच वाटतो. शुद्धलेखन तपासणारी सोयही इथे फारशी उपयोगी पडत नाही. ‘शिक्षक दिन’चे ‘शिक्षक दीन’ झाले तरी दोन्ही शब्द कोशात आहेत, मग ती लाल रेघ ओढणार कशाखाली?

‘परवा’ची चूक याहून खोल आहे, कारण त्या ओळीत एकही अक्षर चुकलेले नव्हते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक साधा प्रयोग इथे आठवतो. चवथीला आपण म्हणतो त्या आरतीची चाल मनात घोळवत टेबलावर बोटांनी ठोके द्या आणि समोरच्याला आरती ओळखायला सांगा. प्रयोग याच धर्तीचा होता, गाणी अर्थात तिथली होती. ठोके देणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. ठोके देणाऱ्याला आपल्या मनातली चाल ऐकू येत असते, समोरच्याला नुसते ठोके.

लेखी निरोपाबाबत हेच जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोजून दाखवले. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने म्हणायची होती. काही जणांनी ती आवाजात पोचवली, तर काहींनी मेलने. समोरच्याला आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, अशी दोन्ही गटांची खात्री होती. आवाजावरून सुमारे ७३ टक्के वेळा तो कळला, मेलवरून मात्र सुमारे ५६ टक्केच. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० टक्के जमले असते! आपल्याकडे रोज लिहिले जाणारे ‘बघतो.’ हे उत्तर घ्या. तोंडाने म्हटले तर आवाजाच्या चढउतारावरून ते आश्वासन आहे, टाळाटाळ आहे की धमकी, हे लगेच उमगते. पडद्यावर उरतात तीन अक्षरे आणि एक पूर्णविराम, आणि वाचणारा आधीच धास्तावलेला असेल, तर तो त्यांतला सर्वांत वाईट अर्थ घेण्याचीच शक्यता अधिक.

कागद जोडायचे विसरणे ही चूक वेगळ्या जातीची. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञांनी मानवी चुकांचे वर्गीकरण करताना बेत चुकणे आणि बेत बरोबर असून कृती निसटणे, असा भेद केला. जोडपत्र विसरणे दुसऱ्या प्रकारात मोडते. झेरॉक्स काढून झाल्यावर प्रती हातात येतात आणि मूळ कागद यंत्रातच राहतो, कारण ज्या कामासाठी गेलो ते मनाच्या लेखी संपलेले असते. मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेर यांनी १९९७ मध्ये या प्रकाराचा अभ्यास केला. मेलमध्येही मजकूर लिहून होताच काम झाल्यासारखे वाटते आणि जोडणी मागे राहते. म्हणून मी आता कागद आधी जोडतो, मग मजकूर लिहितो आणि पत्ता सर्वांत शेवटी भरतो. रिकाम्या पत्त्याचा मेल चुकून कुठेच जाऊ शकत नाही.

पत्त्याची चूक सर्वांत महाग पडते. गोव्यात नाईक, गावडे आणि देसाई किती आहेत, हे सांगायला नको. ‘ना’ टाइप करताच संगणक एक नाव वर आणतो आणि बोट सवयीने ते स्वीकारते. अमेरिकी सैन्याच्या पत्त्यांच्या शेवटी ‘डॉट एमआयएल’ असते; त्यातला ‘आय’ गळला की पत्ता माली या देशाचा होतो, आणि अशा चुकीने वर्षानुवर्षे असंख्य मेल तिकडे जात राहिल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये, तालिबान सत्तेवर आल्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, अडीचशेच्या आसपास अफगाण लोकांना एक मेल पाठवला. देश सोडू पाहणाऱ्या या लोकांचे पत्ते ‘बीसीसी’ या, एकाचा पत्ता दुसऱ्याला न दाखवणाऱ्या रकान्याऐवजी ‘टू’च्या रकान्यात गेले, त्यामुळे प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते आणि काहींची छायाचित्रेही दिसली. पुढे मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड झाला, पण ज्यांचा जीव त्या यादीमुळे धोक्यात आला असता, त्यांच्या भीतीची भरपाई दंडाने कशी होणार?

गेलेला मेल परत का आणता येत नाही, हेही समजून घ्यायला हवे. मेलची ने-आण ‘एसएमटीपी’ नावाच्या नियमांनी होते आणि हे नियम १९८२ पासून आहेत. आपला सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी बोलतो, मजकूर सोपवतो आणि समोरून २५० या आकड्याने पोच मिळते. त्या क्षणापासून मेलची जबाबदारी समोरच्याची. परत मागण्याची सोय त्या नियमांत नाहीच. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेता येतो असे वाटते, पण तिथे तो जास्तीत जास्त ३० सेकंद रोखून धरलेला असतो. अजून निघालेलाच नसतो. ही मुदत सेटिंगमध्ये ५ सेकंदांपासून ३० पर्यंत बदलता येते, आणि ती ३०वर ठेवावी असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

माझ्यासाठी याहून मोठी मुदत फेरीबोट देते. पणजीतील कामावरून परतताना मसुदा संगणकावर लिहून ठेवायचा, रायबंदरच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहायची, मांडवी ओलांडायची आणि पलीकडे उतरल्यावर तो फोनवर उघडून हळू आवाजात वाचायचा. लहान पडद्यावर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, त्यामुळे नजर नव्या जागी टेकते. मोठ्याने वाचताना ओलांडलेला शब्दही उच्चारावाच लागतो. आणि मधल्या वेळात ‘मला काय म्हणायचे होते’ याची आठवण थोडी फिकी झालेली असते. रागाने लिहिलेली वाक्ये तर बोटीतच मला नकोशी वाटू लागतात.

‘परवा’ मात्र मी कायमचा सोडला. आता तारीख आणि वार दोन्ही लिहितो. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो. एखादा अंक चुकला की तो जुळत नाही आणि चूक उघडी पडते. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंकही हेच काम करतो. तारखेपुढचा वार तसाच आहे : माहितीच्या दृष्टीने जादाचा, पण पहारा देणारा. एका सूचनेत मी ‘१७ जुलै २०२५, शुक्रवार’ असे लिहून गेलो. त्या दिवशी गुरुवार होता. मेल गेल्यावर दहा मिनिटांत विचारणा करणारे दोन फोन आले, आणि ते दोघेही पूर्वी ‘परवा’मुळे सभेला मुकलेले सदस्य होते.