पार्श्वभूमी : सिमला ऑफिस ते पाषाण

पुण्यात कंडक्टरकडे ‘एक सिमला ऑफिस’ मागणाऱ्या किती जणांना त्या नावाचं मूळ ठाऊक असेल? १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि येताना गावाचं नावही घेऊन आलं.

त्याआधी, १९०४ ते १९२४, खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. मूळचे केंब्रिजचे गणिती. मान्सूनचा अंदाज बांधायचा म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायला घेतल्या. कारकुनांनी हाताने केलेल्या त्या आकडेमोडीतून हवेच्या दाबाचा एक प्रचंड झोका हाती लागला. प्रशांत महासागराकडे दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही. एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, त्याचं नातं पुढे १९६०च्या दशकात उलगडलं.

इकडे ही ताडणी चालू असताना इंग्लंडच्या लुईस रिचर्डसनने वेगळाच घाट घातला : भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवूनच अंदाज काढायचा. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता त्याने एका दिवसातल्या सहा तासांचं हवामान गणितात बसवलं. उत्तर आलं, दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जागचा हलला नव्हता. तरी १९२२ साली त्याने हे फजितीचं गणित जसंच्या तसं छापलं (हे धाडस मला अंदाजाहून मोठं वाटतं). सोबत एक स्वप्नही मांडलं : भल्या मोठ्या सभागृहात ६४,००० ‘कॉम्प्युटर’, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस!

१९५० मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाने चोवीस तासांचा अंदाज काढला, पण त्यालाही सुमारे चोवीस तासच लागले.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक दिला तो फक्त हवामानासाठी, तोही मागितला त्यापेक्षा कमी ताकदीचा. मग स्वतःचाच महासंगणक बनवायला १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. अनेक छोट्यांनी काम वाटून घेतलं होतं. रिचर्डसनचं सभागृहच म्हणा ना.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. अंदाजाच्या गणितासाठी पृथ्वीचे चौकोन पाडतात; तेव्हा जागतिक प्रारूपातला असा एक चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या नव्या प्रारूपाने तो ६ किलोमीटरवर आणला. म्हणजे सिमला ऑफिसपासून पाषाणच्या संस्थेपर्यंतचं अंतर, थोडं इकडेतिकडे.