सकाळचा पहिला स्वर

स्वर ओळखायला शिकवणारं अ‍ॅप मोबाइलवर घेतलं की पहिल्या आठवड्यात मोठा हुरूप येतो. अ‍ॅप स्वर वाजवतं, आपण त्याची पट्टी, म्हणजे पेटीवरची जागा, सांगतो आणि उत्तरामागून उत्तर बरोबर येत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पहिलाच स्वर चुकतो, तोही तीन-चार पट्ट्यांनी.

याचं कारण अ‍ॅपच्या रचनेत आहे. ‘ही पांढरी सहा होती’ (पेटीवरच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) असं त्याने सांगितलं की तो ४४० हर्ट्झचा स्वर कानात रेंगाळतो. पुढचा स्वर आपण त्याच्याशी ताडतो: सहाला षड्ज (सा) मानलं तर हा कोमल गंधार (कोमल ग), म्हणजे पुढच्या सप्तकातली पांढरी एक. उत्तर बरोबर, पण ते मिळालं तुलनेतून. हे सापेक्ष स्वरज्ञान. आपल्या रागसंगीताचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. कुणाचा षड्ज काळी एक, कुणाचा काळी चार. तंबोरा जुळला की बाकीचे स्वर त्याच्या नात्याने जागेवर बसतात. म्हणून गाणं शिकलेल्यांना तर अ‍ॅप फारच पटकन शाबासकी देतं.

निरपेक्ष स्वरज्ञानात असा आधार नसतो. शांततेतून एकच स्वर आला आणि त्याचं नाव सांगायचं. ही क्षमता दुर्मीळ आहे. दहा हजारांत एक, असा अंदाज नेहमी दिला जातो. लहान वयात संगीत सुरू करण्याशी तिचा घट्ट संबंध दिसतो. संगीताच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक डायना डॉइच यांनी २००६ मध्ये बीजिंग आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या संगीत विद्यार्थ्यांची तुलना केली. चार-पाच वर्षांचे असताना शिकायला लागलेल्यांपैकी बीजिंगमध्ये सुमारे ६० टक्क्यांकडे हे ज्ञान होतं, रॉचेस्टरमध्ये सुमारे १४ टक्क्यांकडे. चिनी भाषेत उच्चाराचा सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. त्यामुळे तिथल्या मुलांचा कान आधीच तयार होत असावा, असं डॉइच यांना वाटतं. मला हा तर्क पटण्याजोगा वाटतो, पण आनुवंशिकतेचा वाटा त्यातून पूर्ण वगळता येत नाही.

मग मोठ्यांनी प्रयत्न सोडून द्यायचा का? पॉल ब्रॅडी या संशोधकाने तिशी उलटल्यावर स्वतःवरच प्रयोग केला आणि १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. संगणकाने तयार केलेल्या स्वरमालिका तो ऐकत असे. सुरुवातीला त्यांत पांढरी एकच जास्त वेळा येई. हळूहळू बाकीचे स्वर तिच्या बरोबरीने येऊ लागत. मला त्याची परीक्षा सर्वांत मोलाची वाटते. ५७ दिवस, रोज सकाळी, त्याची पत्नी पियानोवर फक्त एक स्वर वाजवी. ३७ वेळा उत्तर अचूक आलं, आणि उरलेल्यांतले बहुतेक अवघ्या अर्ध्या स्वराने चुकले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा प्रौढांना आठ आठवडे शिकवलं. त्यांतले दोघे जन्मजात वाटावं इतक्या पातळीला पोचले.

अ‍ॅप वापरणाऱ्याने ब्रॅडीची ती सकाळ उचलावी. तंबोरा लावण्याआधी, फोनची रिंगही कानावर पडण्याआधी एकच स्वर ऐकावा, उत्तर वहीत लिहावं आणि अ‍ॅप बंद करावं. दिवसभराचा सराव खुशाल वेगळा करावा, पण त्याचे गुण या वहीत मांडू नयेत. आवाजही बदलत राहावा: आज पियानो, उद्या बासरी, परवा पेटी. नाहीतर कान पट्टीऐवजी त्या वाद्याचा पोतच ओळखायला शिकतो.