पुलांची तब्येत बघणारे वायरलेस सेन्सर

पुलावर ठिकठिकाणी छोटे बिनतारी सेन्सर लावून त्याची कंपनं, ताण, कलणं, भेगा, तापमान हे सतत मोजत राहायचं आणि त्यावरून आत कुठे बिघाड सुरू झालाय का ते ओळखायचं, या कामाला स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग म्हणतात, इंजिनिअर मंडळी नुसतं एसएचएम म्हणतात. वायरवाले सेन्सर आधीपासून होतेच, हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावर (१९९७) ते शेकडोंनी आहेत, पण केबल टाकण्यातच भरपूर पैसा आणि वेळ जातो, शिवाय चालू पुलावर केबल ओढायची म्हणजे ट्रॅफिक अडवणं आलं. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्ट्रेसर आणि किरेमिजियन या संशोधकांनी बिनतारी पद्धत मांडली आणि तिथून हे क्षेत्र वाढत गेलं.

एका डब्यात, म्हणजे नोडमध्ये, एक्सेलरोमीटर (कंपनं मोजणारा) किंवा स्ट्रेन गेज (ताणाने होणारा बारीक बदल मोजणारा), छोटा प्रोसेसर, रेडिओ आणि बॅटरी एवढंच असतं, कधी वर सोलर पॅनेल. प्रत्येक पुलाची स्वतःची अशी कंपनांची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा) असते, आणि कुठे ताकद कमी झाली की तार सैल झाल्यावर सूर उतरतो तशी ती खाली येते. पण किती येते ते बघा, वजन तेवढंच राहून सगळ्या पुलाचा कडकपणा १० टक्के घटला तरी फ्रिक्वेन्सी साधारण ५ टक्केच उतरते, आणि एखाद्या ठिकाणची भेग तर त्याहून कितीतरी कमी फरक पाडते. त्यातच तापमान गोंधळ घालतं. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडला, त्याआधी जवळपास वर्षभर त्याची मोजणी केली आणि शेवटी त्याला मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजाही केली, तेव्हा दिसलं की कडाक्याच्या थंडीत वरचं डांबर कडक होऊन फ्रिक्वेन्सी चांगलीच वर जाते. म्हणजे तापमानाचा हिशोब वजा केल्याशिवाय नुसता आकडा बघून काहीच ठरवता येत नाही. माझ्या मते या विषयातली खरी मेहनत इथेच आहे, सेन्सर चिकटवणं त्यामानाने सोपं.

२००६ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या टीमने अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलावर ६४ नोड लावले. पूल लांबच लांब, रेडिओची पोच कमी, त्यामुळे माहिती एका नोडकडून दुसऱ्याकडे अशा तब्बल ४६ उड्या मारत बेसपर्यंत यायची आणि मिनिट-दोन मिनिटांची मोजणी गोळा व्हायला तासन् तास लागायचे. दुसरी भानगड घड्याळांची. पूल कोणत्या आकारात हलतोय हे कळायला सगळ्या नोडनी एकाच क्षणी मोजलं पाहिजे, दोन नोडच्या घड्याळात ५ मिलिसेकंदांचा फरक पडला तर १० हर्ट्झच्या (सेकंदाला दहा वेळा होणाऱ्या) कंपनात, एक पूर्ण हेलकावा ३६० अंश धरला तर, तब्बल १८ अंशांची चूक होते आणि ठणठणीत पूलही आजारी दिसायला लागतो. म्हणून नोड एकमेकांना मेसेज पाठवून घड्याळं सतत जुळवत राहतात.

बॅटरीचा प्रश्न दक्षिण कोरियातल्या जिंदो पुलावर छान हाताळला. २००९ मध्ये तिथे ७० नोड बसवले, बहुतेक वेळ ते झोपलेले, काही पहारेकरी नोड मात्र अधूनमधून उठून वारा आणि कंपनं बघणार, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की बाकीच्यांना जागं करणार. कच्चा डेटा पाठवण्यापेक्षा नोडमध्येच हिशोब करून फक्त उत्तर पाठवणं हाही चांगला उपाय, कारण बॅटरी खाण्यात रेडिओ बहुतेक वेळा सगळ्यात पुढे असतो.

एवढं सगळं करूनही काही गोष्टी कंपनांतून दिसणं फार अवघड आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली, कारण होतं एका आयबारमधली (पूल तोलून धरणाऱ्या, टोकाला भोक असलेल्या पोलादी पट्टीतली) सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग, जी सांधा उघडल्याशिवाय डोळ्यालाही दिसली नसती. अशा वेळी अकूस्टिक एमिशन सेन्सर जास्त उपयोगी, ते भेग वाढताना धातूतून निघणारा बारीक आवाज पकडतात, पण त्यांना वीज जास्त लागते आणि ते संशयित जागेच्या जवळच लावावे लागतात. ती जागा कोणती हे ठरवायला अजूनही अनुभवी माणूस पुलाखाली जाऊन, हातोडी मारून, गंज खरवडून बघतो, आणि सेन्सर लावल्यावरही ही तपासणी बंद करायची नसते.