धर्मसमुदाय आणि पर्यावरणस्नेही राहणी

धर्मसमुदाय आणि पर्यावरणस्नेही राहणी : एका श्रद्धेने बांधलेली माणसे घरात, प्रार्थनास्थळात, मठात किंवा आश्रमात पाणी, अन्न, वस्त्र, इंधन आणि जमीन जपून वापरण्याची जी रीत पाळतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे. यात दोन प्रवाह येतात. पर्यावरण हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून चालत आलेले संयमाचे नियम हा पहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदूषण, जंगलतोड आणि पुढे हवामानबदल डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिलेली चळवळ हा दुसरा. चर्चा दुसऱ्याची अधिक होते, पण त्याची मुळे पहिल्यात आहेत.

जगातील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कोणता ना कोणता धर्म मानतात. मात्र या विषयाचे महत्त्व केवळ संख्येमुळे नाही. धर्मसमुदायाला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र येण्याची सवय असते. सरकारी मोहीम येते आणि जाते. प्रार्थना, उपवास, स्नान आणि जेवणापूर्वीची कृतज्ञता मात्र आयुष्यभर फिरून फिरून येत राहतात. जपून वापरण्याची सवय त्यांत एकदा मिसळली की ती टिकवायला वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. त्याखेरीज अनेक धर्मसंस्थांकडे शेती, जंगले, शाळा, रुग्णालये आणि शेकडो माणसांची स्वयंपाकघरे असतात. त्यांनी इंधन बदलले किंवा ताटे बदलली तर तो बदल एका घरापुरता राहत नाही.

जुने नियम

पाण्यापासून सुरुवात करावी. नमाजापूर्वी हात, तोंड आणि पाय धुण्याच्या विधीला वजू म्हणतात. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी; त्यांनुसार पैगंबर मुहंमद एका मुद्द पाण्यात वजू करीत आणि चार ते पाच मुद्द पाण्यात स्नान आटोपत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे माप, साधारण दोन तृतीयांश लीटर. आज नळ सोडून त्याखाली हात धरला, तर बाही वर सरकवेपर्यंतच तेवढे पाणी वाहून जाते. वाहत्या नदीच्या काठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असेही एका हदीसमध्ये सांगितले आहे. टंचाई आहे म्हणून पाणी जपा, असे हा नियम म्हणत नाही. पाणी मुबलक असले तरी हात आखडता घ्या, असे तो म्हणतो. तेराव्या शतकातील जपानी झेन गुरू दोगेन यांच्याविषयी त्यांच्या एइहेइजी मठात अशीच आठवण सांगतात. ओढ्यातून पळीभर पाणी घ्यायचे, लागेल तेवढे वापरायचे आणि उरलेली अर्धी पळी पुन्हा ओढ्यात सोडायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दोन वेगळ्या धर्मांत आणि दोन वेगळ्या देशांत पाण्याबाबतचा विचार मात्र एकच.

वस्त्राबाबत विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातील एक प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंद या भिक्षूला ५०० चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा एकटा भिक्षू काय करणार, दुकान मांडणार की काय, असे राजाला वाटले. त्याने आनंदालाच गाठून विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना ही वाटून देऊ, असे उत्तर मिळाले. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. त्या जुन्या झाल्या की पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी आणि शेवटी त्या फडक्यांच्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायला. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. पुनर्वापर हा शब्द आपण अलीकडे वापरू लागलो. इथे कापडाच्या एका धाग्याचा प्रवास जमिनीपर्यंत सांगितला आहे, आणि मधली एकही पायरी गाळलेली नाही.

ज्यू परंपरेतील ‘बाल तश्खित’ म्हणजे ‘नासाडी करू नको’ हा नियम युद्धप्रसंगातून आला. शहराला वेढा घातला तरी तिथली फळझाडे तोडू नका, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुढच्या धर्मपंडितांनी तिचा अर्थ रुंदावत नेला. भांडी फोडणे, कपडे फाडणे, झरा बुजवणे, अन्न फुकट घालवणे हे सगळे तिच्या कक्षेत आले. तेलाचा दिवा उगाच झाकून किंवा नाफ्थाचा दिवा उगाच उघडा ठेवून तेल लवकर जळू देणे हाही या आज्ञेचा भंग आहे, असे मत तालमूद या ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात नोंदलेले आहे. इंधन जपण्याची सूचना इतक्या बारकाईने आणि इतक्या जुन्या काळी केलेली क्वचितच आढळते. आठवड्यातून एक दिवस काम, खरेदी आणि प्रवास थांबवणारा शब्बाथ, तसेच दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायला सांगणारा श्मिता हे नियम याच परंपरेतले. जमिनीलाही विसावा हवा, ही त्यामागची धारणा.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत कोठीघर सांभाळणाऱ्याला सांगितले आहे, की मठातील प्रत्येक भांडे आणि प्रत्येक वस्तू ही वेदीवरील पवित्र पात्रच आहे असे समजून वापरावी. फावडे, बादली, कढई यांनाही तोच मान. दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातील स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या सूचनांतही धान्य स्वतःच्या डोळ्यांइतके जपण्याचा उपदेश आहे.

जैन धर्मातील अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे. वापर कमी करण्याचा याहून थेट मार्ग नाही. पावसाळ्यात जीवजंतूंची हानी होऊ नये म्हणून साधू-साध्वी चार महिने विहार थांबवतात, त्यामागची दृष्टीही हीच. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी वर्षातील सुमारे १८० दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. जंभोजींनी १४८५ मध्ये स्थापन केलेल्या बिश्नोई पंथाच्या २९ नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम आहे. तो पाळताना १७३० मध्ये राजस्थानातील खेजडली येथे ३६३ जणांनी प्राण दिले.

हे नियम मुळात पर्यावरणासाठी केलेले नव्हते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. आत्मशुद्धी, अहिंसा आणि ईश्वराविषयीची कृतज्ञता हे त्यांचे हेतू होते. आजचे विज्ञान जुन्या ग्रंथांत शोधत बसण्याने ना विज्ञानाचे भले होते ना धर्माचे. मात्र ज्या शिस्तीमुळे माणूस कमी वस्तूंत समाधानी राहतो, त्या शिस्तीचा लाभ माती, पाणी आणि जंगल यांना झाला, हे नाकारता येत नाही.

राखलेली वने आणि फिरते खांब

उत्तर इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर शेते आणि चराई यांमुळे जंगल जवळजवळ संपले आहे. जे उरले आहे ते बहुतांशी चर्चभोवती, हिरव्या बेटांसारखे. चर्चला झाडांचे वस्त्र हवे, अशी तिथली समजूत आहे. गुरे आत शिरून रोपे खातात आणि कडा मागे सरकत जातात, हा या वनांपुढचा मोठा धोका. इथिओपियातील वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी आणि अमेरिकेच्या मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंना सोबत घेऊन त्यावर दगडी कुंपणाचा उपाय केला. दगड आजूबाजूच्या शेतांतून वेचले गेले. त्यामुळे वनाला भिंत मिळाली आणि शेतकऱ्याचे रानही मोकळे झाले.

जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ही ६२ वी वेळ होती. एवढे लाकूड वाया जात असेल, असे वरवर पाहता वाटते. पण मंदिराच्या आढ्याला आधार देणारे मोठे खांब उतरवल्यावर त्यांच्यापासून उजी पुलाच्या दोन टोकांवरील कमानी होतात. तिथे २० वर्षे काढली की त्या दुसऱ्या गावी, जुन्या यात्रामार्गावर पुन्हा कमानी म्हणूनच उभ्या राहतात. उरलेले लाकूड ठिकठिकाणच्या देवळांना दुरुस्तीसाठी दिले जाते.

आधुनिक चळवळ

१९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी सायन्स या नियतकालिकात लेख लिहून पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला पर्यावरणीय संकटासाठी जबाबदार धरले. माणूस सृष्टीचा मालक आहे ही कल्पना तिथूनच रुजली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर वादळ उठले, पण त्या वादातूनच अनेक धर्मपंथ आपले ग्रंथ नव्याने वाचू लागले. व्हाइट यांनी पर्यायी आदर्श म्हणून असिसीचे संत फ्रान्सिस यांचे नाव सुचवले होते. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांनाच पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. १९८६ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या पुढाकाराने बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि ज्यू या पाच धर्मांचे प्रतिनिधी असिसी येथेच जमले. प्रत्येकाने आपापल्या परंपरेच्या भाषेत निसर्गरक्षणाची घोषणा केली. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्यांचे उत्तराधिकारी बार्थोलोमेव यांनी तर निसर्गाची हानी हे पाप आहे, असे स्पष्टच म्हटले.

२०१५ हे वर्ष निर्णायक ठरले. जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका. ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१७ मध्ये धर्मसंस्थांसोबत काम करण्यासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला.

जाहीरनामे आवश्यक असतात, पण विधीतच बदल झाला की गोष्ट मनात उतरते. झिंबाब्वेतील शोना भाषक स्वतंत्र चर्चनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला वृक्षारोपण-प्रभुभोजन विधी हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण वाटते. प्रभुभोजनाचे मेज उघड्या माळावर, लावायच्या रोपांशेजारी मांडले जाई. भाकर आणि द्राक्षारस घेण्यापूर्वी माणसे आपली पापे कबूल करीत, आणि ती पापे अशी : झाडे तोडली पण लावली नाहीत, नदीचा काठ नांगरला, मातीची धूप होऊ दिली. मग हातात रोप घेऊन माणूस पुढे येई, प्रसाद घेई आणि ते रोप खड्ड्यात लावी. थायलंडमध्ये भिक्षूंनी मोठ्या झाडांना भगवे चीवर गुंडाळून त्यांना प्रतीकात्मक दीक्षा दिली. दीक्षा घेतलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला हात धजत नाही.

शीख धर्मात सेवेला पूजेचे स्थान आहे. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० पासून कारसेवेच्या मार्गाने पंजाबातील सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या काली बेईं नदीची सफाई हाती घेतली. गाळ आणि जलपर्णी लोकांनी स्वतःच्या हातांनी काढली. लंगरमध्ये हजारो ताटे स्वयंसेवक घासतात. टाकाऊ पत्रावळीची सोय हाताशी असताना घासायच्या ताटाचा आग्रह धरता येतो, कारण घासणे हीच सेवा मानली आहे.

इमारतींमध्येही बदल झाले. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीच्या छतावर सुमारे ५०० सौर पट्ट्या बसवल्या आहेत. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातील पहिले प्रार्थनास्थळ ठरले. केंब्रिजची मध्यवर्ती मशीद २०१९ मध्ये खुली झाली. ती लाकडी खांबांवर उभी आहे आणि पावसाचे पाणी साठवून वापरते. इंग्लंडच्या चर्चने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य २०२० मध्ये स्वीकारले.

आक्षेप

श्रद्धेमुळे माणसे खरोखर अधिक पर्यावरणस्नेही होतात का? ब्रॉन टेलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. धर्म व्यापक प्रमाणात हरित होत असल्याचा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. ग्रंथातील वचने आणि अनुयायांचे वागणे यांत अंतर राहतेच. मोठ्या यात्रा आणि उत्सवांनंतर मागे राहणारा प्लास्टिकचा ढीग ते अंतर उघड दाखवतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा. साधेपणाचा उपदेश ज्यांच्याकडे मुळातच थोडे आहे त्यांनाच ऐकावा लागतो, आणि मोठ्या प्रदूषणकर्त्यांचा हिशोब बाजूला राहतो. तिसऱ्याची चर्चा फारच कमी होते. टाकाऊ वस्तू सोडून धुण्याच्या वस्तू आल्या, तयार अन्न सोडून घरचे आले, कचरा वेगळा करणे आले, की हे वाढलेले काम घरातील बाईच्याच वाट्याला येते. लंगरमध्ये जशी पुरुषही ताटे घासायला बसतात, तशी वाटणी घरात झाली नाही, तर एका नासाडीची जागा दुसऱ्या अन्यायाने घेतली असे म्हणावे लागेल.

पहिल्या आक्षेपाला काही समुदायांनी मोजमापाने उत्तर दिले आहे. जर्मनीतील अनेक चर्च ‘हिरवा कोंबडा’ या नावाची पर्यावरण-व्यवस्थापन पद्धत पाळतात. कोंबडा तिथल्या चर्चच्या शिखरावर असतो, म्हणून हे नाव. स्थानिक मंडळीतील काही जण वीज, उष्णता, पाणी आणि कचरा यांच्या नियमित नोंदी ठेवतात, पुढच्या सुधारणा ठरवतात आणि बाहेरचे प्रशिक्षित तपासनीस येऊन त्या पडताळून पाहतात. थंड प्रदेशातल्या चर्चमध्ये सर्वाधिक ऊर्जा उंच छताचे दालन तापवण्यात जाते, आणि प्रार्थना तर बहुधा आठवड्यातून तासभरच चालते. म्हणून अनेक ठिकाणी आता दालनाऐवजी फक्त बाकांना ऊब दिली जाते. हिवाळ्यात छोट्या संख्येची प्रार्थना शेजारच्या लहान खोलीत होते.