आधी कल्पना, मग प्रथिन

दम्याचा पंप ओढला की आवळलेल्या श्वासनलिका सैल होतात. धडधड कमी करायला डॉक्टर ‘बीटा ब्लॉकर’ लिहून देतात. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एकाच घराण्यातली प्रथिने पहिले औषध चालू करते, दुसरे अडवून धरते. हे घराणे जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टरांचे, म्हणजे जीपीसीआरचे. रिसेप्टर म्हणजे बाहेरून आलेला निरोप टिपून पेशीत पोचवणारे प्रथिन; हे घराणे तो आतल्या ‘जी-प्रोटीन’ नावाच्या प्रथिनाकडे देते. माणसात त्याचे सुमारे ८०० प्रकार आहेत आणि त्यांतले निम्मे नुसते वास ओळखण्याच्या कामी लागलेले.

यांच्यावर चालणारी औषधे बाजारात आली तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिलाच नव्हता. १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँगलींनी मांडले, की चेता निकामी झाली तरी निकोटिनने स्नायू आकसतो. अर्थात ते पकडणारे काहीतरी स्नायूतच असले पाहिजे. (लँगलींचा तो रिसेप्टर पुढे वेगळ्याच घराण्यातला निघाला, पण तर्क पक्का होता.)

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक आणि त्याची भावंडे वेगवेगळ्या अवयवांवर तपासत होते. कोणता पदार्थ जास्त प्रभावी, हा क्रम प्रत्येक अवयवात निराळा यायला हवा होता. आले फक्त दोनच क्रम. त्यावरून त्यांनी अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर मानले. एका नियतकालिकाने हा लेख परत पाठवला होता. पण याच कल्पनेच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर औषध घडवले. खुद्द आल्क्विस्ट मात्र १९७३ मध्येही म्हणत होते, की आपल्या लेखी हे रिसेप्टर म्हणजे एक अमूर्त संकल्पना आहे.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट लेफकोविट्झ यांना ते पटणारे नव्हते. औषधाच्या रेणूला किरणोत्सारी खूण लावायची आणि तो पेशीपटलावर कुठे चिकटतो ते मोजायचे, या मार्गाने त्यांच्या गटाने बीटा रिसेप्टर वेगळा काढला. १९८६ मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि खरा धक्का बसला. प्रथिनाची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी दिसत होती, अगदी डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनसारखी. संप्रेरकाचा रिसेप्टर आणि प्रकाशाचा रिसेप्टर सख्खे नातलग! माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच. आल्क्विस्ट तो पाहायला नव्हते; १९८३ मध्येच ते वारले होते.

आकार दिसायला आणखी वीस वर्षे गेली. हे प्रथिन सतत हलते आणि पेशीपटलाबाहेर काढले की विस्कटते, त्यामुळे स्फटिक बनता बनत नाही. ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २००७ मध्ये त्याचा सर्वांत लवचिक दुवा काढून तिथे लायसोझाइम हे घट्ट प्रथिन जोडले, तेव्हा कुठे बीटा-२ (बीटाचाच एक प्रकार) रिसेप्टर दिसला. २०११ मध्ये तो काम करताना पकडला गेला: बाहेरून रेणू बसला की पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या सात सर्पिल तुकड्यांपैकी सहावा आतल्या टोकाशी साधारण १.४ नॅनोमीटर बाहेर सरकतो आणि त्या फटीत जी-प्रोटीन बसते. ते धरून ठेवलेला जीडीपी नावाचा छोटा रेणू सोडून जीटीपी हा त्याचा भाऊबंद रेणू घेते, मग त्याचे तुकडे होऊन निरोप पेशीत पुढे जातो.

निरोप थांबवण्याचीही सोय आहे. चेतलेल्या रिसेप्टरला फॉस्फेट लागतात, त्यावर अरेस्टिन हे प्रथिन चिकटते आणि जी-प्रोटीनची वाट बंद होते. पंप वारंवार ओढत राहिल्यास त्याचा असर उतरू लागतो, त्यामागचे एक कारण हे.